शेजाऱ्याची सही

ठाण्यातल्या बाळकुमहून शेजारच्या कोलशेतला मी चालतच गेले होते. खाडीच्या बाजूला असलेल्या एका खाजगी प्रयोगशाळेत निर्यातीच्या मसाल्यांची आणि धान्याची तपासणी होत असे, तिथे रसायनशास्त्राचे पदवीधर हवे होते. मुलाखत घ्यायला एकट्या डॉ. कुमुदिनी हर्डीकर बसल्या होत्या. पांढरा कोट, चष्म्याला दोरी, पुढ्यात माझी गुणपत्रिका. त्यांनी ती उलटी करून ठेवली.

"भोईर, बसा. वडील काय करतात?"

"मिठागरावर होते. आता मिठागर राहिलं नाही."

"मीठ ओलं की कोरडं, कसं ओळखायचे?"

"मुठीत दाबून."

"आणि व्यापाऱ्याला ते पटायचं?"

"नाही. तो पुन्हा स्वतःच्या मुठीत दाबून बघायचा. कधी कधी त्यात दिवस जायचा."

बाई हसल्या. "आपलंही काम तेच. एकाची मूठ दुसऱ्याला पटवायची. सोमवारपासून या."

पुढची एकवीस वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. बाईंच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लेख मागवताना संपादक समितीने बाईंच्या यशस्वी वाटचालीवर भर देण्याची सूचना केली आहे. ती मला पाळता येणार नाही. मी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनंदा, लिही. पण 'यशस्वी' लिहिलंस तर मी तो ग्रंथ उघडणार नाही." बाई जन्मभर खरे आकडे लिहीत आल्या. त्यांच्यावरचा लेखही तसाच असायला हवा.

बाईंनी हाती घेतलेलं काम सांगायला सोपं आहे. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान हे एकमेकांना लागून असलेले गरीब देश. त्यांनी आपापसात मोकळेपणाने व्यापार करावा असे करार पुष्कळ झाले, जकातीही काही ठिकाणी कमी झाल्या. पण इकडच्या प्रयोगशाळेचा दाखला तिकडे चालत नसे. माल सीमेवर थांबायचा, नमुना पुन्हा दूरच्या कुठल्या शहरी तपासणीला जायचा. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की माल एकदा तपासला की तो शेजाऱ्याने मानावा.

हे त्यांच्या मनात कसं आलं, ते त्यांनी आम्हाला अनेकदा सांगितलं आहे. एका सरकारी समितीबरोबर त्या नेपाळच्या सीमेवर गेल्या होत्या. तिथे आल्याचे ट्रक रांगेने उभे होते. नमुने तपासणीला गेलेले, अहवाल आलेला नव्हता. ट्रकमधून पाणी गळत होतं. एका ट्रकशेजारी त्याच मालाची मालकीण, पन्नाशीची एक नेपाळी बाई, पोत्यात हात घालून कुजलेलं आलं बाहेर काढून टाकत होती. समितीतल्या कुणीतरी तिला समजावलं, की तपासणी लोकांच्या आरोग्यासाठीच असते. ती म्हणाली, "साहेब, तुमचा कागद येईल तेव्हा आलं चांगलं होतं असंच त्यात लिहिलेलं असेल." हे वाक्य बाई आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत. अडवणारे आपण होतो, हे त्या कधी विसरल्या नाहीत. दुसऱ्या देशांच्या तक्रारी सांगणारे पुष्कळ भेटतात. स्वतःच्या देशाने शेजाऱ्याचं काय केलं ते आधी सांगणाऱ्या बाई मला एकट्याच भेटल्या.

परत आल्यावर त्यांनी काठमांडू, ढाका, कोलंबो आणि लाहोर इथल्या चार प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. सरकारं मानतील तेव्हा मानतील, आधी आपण एकमेकांना मानू. एकाच पोत्यातली मिरचीपूड पाच ठिकाणी पाठवायची, बुरशीमुळे तयार होणारं विष त्यात किती आहे ते प्रत्येकाने मोजायचं, आणि आकडे काठमांडूला सगळ्यांसमोर एकदमच उघडायचे, असं ठरलं.

मला सोबत न्यायचं म्हणून बाई बाळकुमला आमच्या घरी आल्या. आईने त्यांना तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली. बाई शाकाहारी. त्यांनी चटणी बाजूला सरकवली आणि भाकरी नुसत्या मिठाशी खाल्ली.

"काय गो बाई," आई म्हणाली, "येवऱ्या लांब माज्या पोरीला कशाला नेतंस? आलं काय नि मिरची काय, आपल्या बाजारान नाय गावत?"

"गावतं की. पण तिकडचं इकडे यायला निघालं की आपणच आडवे येतो."

"मंग कशाला आडवं येवाचं?" आईने माझ्याकडे बघितलं. "जा गो सुनंदे."

काठमांडूला पाकिटं उघडली. चार प्रयोगशाळांचे आकडे जवळजवळ सारखे होते. आमचा तेवढा वेगळा, बराच जास्त. पाचही देशांत आमचा देश मोठा, आमची यंत्रं नवी. आमच्याबरोबर आलेले एक अधिकारी बाईंच्या कानाशी लागले, "मॅडम, नमुना प्रवासात खराब झाला म्हणा." तुलनेसाठी लागणारं प्रमाणद्रावण मी तयार केलं होतं, आणि ते जुनं झालेलं आहे हे बाटलीवरच्या चिठ्ठीवर बघायचं मी विसरले होते. हे मला त्या क्षणी आठवलं. बाईंना आकडा बघताच कळलं असावं.

बाई उभ्या राहिल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "चूक आमची आहे. आमचं द्रावण जुनं असणार. तुम्हा चौघांचे आकडे बरोबर आहेत." कुणाचं नाव घेतलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. परतल्यावर सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या मला नव्याने लिहायला सांगितल्या, एवढंच.

त्या दिवशी चहाच्या वेळी लाहोरच्या फरीदा आमच्याकडे आल्या. बाईंपेक्षा वयाने लहान, बोलायला ठसकेबाज. म्हणाल्या, "आपा, मैं तो झगड़ने की तैयारी से आई थी. अब आपके हर काग़ज़ पर आँख बंद करके दस्तख़त कर दूँगी."

"आँखें खुली रखके करा," बाई हिंदी-मराठी मिसळून म्हणाल्या, "नाहीतर हा सगळा खटाटोप कशाला?"

त्यानंतर काही वर्षं बरी गेली. पाचही प्रयोगशाळा एकमेकींचे अहवाल मानू लागल्या. बाईंनी दिल्लीच्या इतक्या खेपा घातल्या, की अखेर नेपाळच्या सीमेवर, एकाच हंगामापुरती, चाचणी म्हणून परवानगी मिळाली. काठमांडूच्या दाखल्यावर आल्याचे ट्रक त्याच दिवशी पुढे सुटू लागले. हंगाम संपला. अहवाल वर गेला. मग दोन्ही सरकारांचं कशावरून तरी बिनसलं, आणि फाइल परत आली. तिच्यावर शेरा होता: तूर्त विचार नाही. बाईंनी पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज केला, त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा. तो शेरा कधी बदलला नाही.

लाहोरचं प्रकरण याहून वाईट झालं. पाकिस्तानशी संबंध बिघडले, तशी एक दिवस तिकडे पाठवलेल्या नमुन्यांची चौकशी सुरू झाली. बाईंना ठाण्यातल्या एका कार्यालयात बोलावलं. मी सोबत होते. सकाळी अकरापासून पाचपर्यंत आम्ही तिथल्या बाकावर होतो.

"ही पावडर कसली?"

"मिरचीची."

"लाहोरला मिरची मिळत नाही?"

"मिळते. आमचा आकडा बरोबर आहे का, ते त्यांनी बघावं म्हणून पाठवली."

"म्हणजे आपल्या मिरचीत विष किती आहे, हे तुम्ही त्यांना सांगता?"

"हो. आणि त्यांच्या मिरचीत किती आहे, ते त्या आम्हाला सांगतात."

अधिकारी सभ्य होता. त्याने चहा मागवला, सगळं लिहून घेतलं, आणि यात काही गैर नाही असं तोंडी सांगितलं. तसं लिहून मात्र कुणी दिलं नाही. डोंबिवलीत बाईंच्या इमारतीत ही बातमी आधीच पोचली होती. गणपतीच्या आरतीला त्या खाली गेल्या की बोलणी थांबायची. तीस वर्षांचा शेजार होता तो. दोन वर्षांनी बाईंनी आरतीला जाणं सोडलं.

लाहोरशी टपाल बंद झालं, मग फोनही. फरीदा वारल्याचं आम्हाला शारजात मसाल्याचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थाकडून कळलं, त्या गेल्यावर आठ महिन्यांनी. आता मालही तसाच फिरून जातो. लाहोरची वस्तू दुबईला उतरते आणि नवा कागद लावून मुंबईत येते. बाई म्हणाल्या, "विमानाने दोन तासांचं गाव. तिथली मयताची बातमीसुद्धा शारजावरून आली." त्या दिवशी त्यांनी कामाला हात लावला नाही. एकवीस वर्षांत तसा तो एकच दिवस.

दरम्यान जग बदललं होतं. युरोपातल्या एका मोठ्या तपासणी कंपनीने इथे शाखा काढल्या. तिचा शिक्का असला की ढाका, कोलंबो, काठमांडू, कुठेही माल अडत नसे. जे देश एकमेकांची सही मानायला तयार नव्हते, ते सगळे त्या परक्या सहीपुढे मान तुकवत होते. आमच्याकडची गिऱ्हाइकं तिकडे गेली. मालकांनी प्रयोगशाळा बंद केली, जागा विकली. तिथे आता उंच इमारती उभ्या आहेत.

आणि मला जे लिहायचं होतं ते आता लिहिते. त्या कंपनीच्या माजिवड्याच्या कार्यालयात मी नोकरी धरली. बाईंना सांगायला गेले तेव्हा मी नेमणुकीचं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं. त्या म्हणाल्या, "अगं, पोट आहे. जा." शिफारसपत्र त्यांनीच लिहून दिलं, आणि त्यात माझ्या अचूकपणाबद्दल असं काही लिहिलं की वाचताना मला काठमांडूची ती खोली आठवली.

तिथे मी तेच करते जे कोलशेतला करत होते. पद्धत बाईंनी शिकवलेली, यंत्र तसंच. पहिल्या महिन्यात ढाक्याला जाणाऱ्या हळदीच्या अहवालावर मी सही केली. चार दिवसांनी आमच्या पाचांतल्या ढाक्याच्या प्रयोगशाळेतल्या मतीनसाहेबांचा फोन आला. "दीदी, आपका सिग्नेचर देखा. माल उसी दिन छोड़ दिया." मी विचारलं, हीच सही कोलशेतच्या कागदावर असताना माल का सोडत नव्हतात? ते म्हणाले, "हम तो मानते थे, दीदी. ऊपरवाले नहीं मानते थे. अब ऊपर विलायती नाम जो है." फोन ठेवून मी पुढचा अहवाल सहीला ओढला.

गरीब देशांनी एकमेकांचा हात धरावा आणि त्या बळावर जगाच्या बाजारात उभं राहावं, असं व्याख्यानांतून अजूनही ऐकू येतं. मला ते ऐकवत नाही. मी रोज जिथे बसते तिथून दिसतं, की शेजारच्या घरी जायलाही आम्ही परमुलखातून वाट काढतो आणि त्या वाटेचं भाडं भरतो. बाईंची माणसं पांगली. कोलंबोचे सहकारी, त्यांचा देश आर्थिक संकटात सापडला तेव्हा, ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेले. काठमांडूची प्रयोगशाळा आहे. तिथल्या नव्या लोकांना हा इतिहास माहीत नाही. बाईंनी जे उभं केलं त्यातलं आज काही उभं नाही. हे लिहिताना माझ्यावर कुणी रागावलं तरी चालेल.

गेल्या महिन्यात मी या लेखासाठी जुनी टिपणं मागायला डोंबिवलीला गेले. बाईंची नजर आता अधू झाली आहे, पण दार त्यांनीच उघडलं. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट रिकामं होतं. पाच देशांचा सगळा पत्रव्यवहार, आकड्यांची कोष्टकं, दिल्लीच्या अर्जांच्या प्रती तिथे असायच्या.

"बाई, कागद?"

"एका कॉलेजला विचारलं होतं. त्यांच्याकडे जागा नाही. मग दिले रद्दीवाल्याला."

"मला का नाही विचारलंत?"

"तू कुठे ठेवणार होतीस? दोन खोल्यांत चार माणसं तुम्ही." त्या खुर्चीत बसल्या. "कागद चांगला आहे म्हणाला तो."

मी रडले. पन्नाशी उलटलेली बाई, दुसऱ्याच्या घरात, तोंडावर पदर धरून. बाईंनी मला रडू दिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन चाचपडत आधण ठेवलं, आणि चहा होईपर्यंत माझ्या मुलीच्या बारावीची चौकशी केली. वाईट वाटून घेऊ नकोस, कधीतरी होईल, असं त्यांनी म्हटलं नाही. त्यांना तसं वाटत नाही, आणि न वाटणारी गोष्ट त्या बोलत नाहीत.

अशा ग्रंथात शेवटी शुभेच्छा द्यायच्या असतात. हाती घेतलेलं काम पूर्ण झालेलं बाईंना पाहायला मिळो, असं लिहायला मी दोनदा बसले आणि दोनदा खोडलं. ते मिळणार नाही. म्हणून मागणं लहान ठेवते. बाईंची उरलेली नजर टिको. गुडघे त्यांना जिन्यापर्यंत नेवोत. रात्री झोप लागो, सकाळी कुणाचा तरी फोन येवो. त्या पुष्कळ वर्षं आमच्यात राहोत. त्यांच्याकडून आता आम्हाला काहीही करून घ्यायचं नाही. डोंबिवलीच्या त्या घराची बेल वाजवली की दार त्यांनी उघडावं, एवढंच.