अठरा पूर्ण असल्यास आत या

सिंगापुरात, पाया लेबारच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत, पाचव्या मजल्यावर, निशिकांत बेंद्रेचं ऑफिस होतं. डावीकडे केकचे खोके बनवणारा कारखाना, उजवीकडे शाळांना ट्रॉफ्या पुरवणारं दुकान आणि मधे 'क्लिअरलेन' अशी छोटी पाटी. नावाखाली कंपनी काय करते ते लिहायची पद्धत असते. निशिकांतने ती जागा दोन वर्षं कोरी ठेवली होती.

मराठी मंडळात कुणी विचारलंच तर तो म्हणायचा, "सॉफ्टवेअर." आणखी खोदून विचारलं तर म्हणायचा, "इंटरनेटवरून व्हिडिओ जातो ना, त्याचा पाईप म्हणा हवं तर." हे त्याच्या नऊ वर्षांच्या वरदने ऐकलं आणि एका वाढदिवसाला सगळ्यांना सांगून टाकलं, "माय पपा मेक्स पाईप्स लाह." पुढच्या आठवड्यात बिशानमधल्या एका वहिनींचा फोन आला, सिंकखालचा पाईप गळतोय म्हणून. निशिकांत पाना घेऊन गेला आणि पाईप बदलून आला. खुलासा करण्यापेक्षा ते सोपं होतं.

तसा तो पहिल्यापासून लोकांच्या नजरेत न येणारा माणूस. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आठ वर्षं होता. दोन हजार तीनमध्ये सार्सची साथ आली, रस्ते ओस पडले आणि बँकेने जी माणसं कमी केली त्यात निशिकांत आणि शेजारच्या टेबलावरचा केल्विन टॅन हे दोघंही होते. केल्विनच्या डोक्यात एक कल्पना होती. लाईन हळू असली तरी व्हिडिओ मधेच अडकू नये, चित्र थोडं धुरकट झालं तरी चालेल पण थांबता कामा नये. निशिकांतने ते सहा महिन्यांत करून दाखवलं. तपासायला त्याच्याकडे एकच व्हिडिओ होता, वरदच्या शाळेच्या रिले शर्यतीचा. ती शर्यत त्याने हजारेक वेळा पाहिली. वरदचा गट दर वेळी तिसरा यायचा.

मग ते विकायला निघाले. शाळा, दवाखाने, देवळं, एक नृत्यशाळा. सगळीकडे कॉफी मिळाली आणि "पुढच्या वर्षी बघू" मिळालं. बँकेने दिलेले पैसे संपत आले तेव्हा ॲमस्टरडॅमहून एक ईमेल आलं. त्यांना पंधरा दिवसांत हवं होतं, घासाघीस करायची नव्हती आणि अर्धे पैसे आगाऊ द्यायचे होते.

"फार चांगली माणसं दिसतात," निशिकांत म्हणाला.

केल्विनने त्यांची वेबसाईट उघडली, दोन सेकंदांत बंद केली आणि म्हणाला, "बॉस, दे आर व्हेरी फ्रेंडली पीपल."

तर असा तो धंदा होता. प्रौढांसाठीच्या फिल्मा दाखवणाऱ्या परदेशी साईट. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, इथे काही दाखवू नका, साठवू नका. सॉफ्टवेअर विका, सर्व्हर तिकडे त्यांच्या देशात राहू द्या. निशिकांतने तेवढंच केलं. गिऱ्हाइकाचा माल त्याने कधी पाहिला नाही. काही नवं बनवलं की तो पुन्हा रिले शर्यत लावायचा. गिऱ्हाइकांची पत्रं मात्र इतकी सभ्य असायची की बँकेत कुणी त्याच्याशी तसं बोललं नव्हतं.

बायकोला त्याने त्याच दिवशी सांगितलं. नंदा कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बायका दाखवतात?" तिने विचारलं.

"आणि पुरुष."

"तू बघतोस?"

"मी वरदची शर्यत बघतो."

नंदाने तीन-चार घड्या घातल्या. मग म्हणाली, "माझं काही नाही. पण अण्णांना सांग. त्यांना बाहेरून कळलं तर तुझी बाजू मी घेणार नाही."

"सांगतो," निशिकांत म्हणाला. ते दोन हजार तीनच्या डिसेंबरात.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, श्रीनिवास बेंद्रे. वय शहात्तर. नारायणगावच्या एसटी डेपोत इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलेला माणूस. बोलायला कमी आणि हाताला पक्का. निशिकांतची आई गेल्यावर ते पुण्यात धनकवडीला राहत होते. मुलाची स्वतःची कंपनी आहे हे ते कुणाला सांगायचे नाहीत, पण कुणी सांगितलं की खुर्चीत जरा सरळ बसायचे. निशिकांत दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी सांगायचं राहायचं. कधी अण्णांचा गुडघा दुखत असायचा, कधी शेजारी कुणी बसलेलं असायचं. गुडघा बरा असला आणि घरात कुणी नसलं, तर निशिकांतच घाईने विचारायचा, "पाऊस आहे का तिकडे?"

दोन हजार पाचच्या गणपतीआधी मंडळाचे अध्यक्ष मनोहर चितळकर त्याच्या ऑफिसात येऊन बसले. मोठ्या आवाजाचे, कामसू गृहस्थ. राहायला मरीन परेडच्या कॉन्डोत, म्हणजे पोहायच्या तलावाच्या सोसायटीत.

"निशिकांतराव, ते पाईपचं खरं नाही हे मला कळलंय. तुम्ही व्हिडिओवाले. यंदा आपली आरती पुण्या-मुंबईच्या आई-वडिलांना घरबसल्या दिसली पाहिजे. होईल?"

"होईल," निशिकांतच्या तोंडून निघून गेलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी देवाच्या कामाला ते सॉफ्टवेअर मागत होतं.

"अडकणार नाही ना? मागे माझ्या मेहुण्याच्या लग्नाचा व्हिडिओ पाठवला होता, नवरा हार हातात घेऊन तसाच उभा."

"अडकणार नाही. आमच्या गिऱ्हाइकांना अडकलेलं अजिबात चालत नाही."

"अरे वा. गिऱ्हाईक कोण?"

"युरोपातले," निशिकांत म्हणाला आणि कॉफी आणायला उठला.

ॲमस्टरडॅमवाल्यांना विचारलं तर त्यांनी एक सर्व्हर फुकट दिला आणि शुभेच्छाही कळवल्या. वेबसाईटचं नवं कोरं पान बनवायला वेळ नव्हता. केल्विनने गिऱ्हाइकाचंच तयार पान घेतलं, काळा रंग काढून शेंदरी केला, वर मोदकाचं चित्र टाकलं. निशिकांतने स्वतःच्या कॉम्प्युटरवर दहा वेळा तपासलं. दहाही वेळा थेट मंडळाचा हॉल दिसला, मखर दिसलं, समई दिसली. अण्णांकडे त्याने त्याच वर्षी नवं ब्रॉडबँड घेऊन दिलं होतं. म्हणून मंडळातल्या पाच-सहा जणांचे आई-वडील त्यांच्याकडेच जमणार होते.

संध्याकाळी साडेसातला सिंगापुरात आरती सुरू झाली तेव्हा पुण्यात पाच वाजले होते. चित्र स्वच्छ गेलं. एकदाही अडकलं नाही. मनोहररावांनी प्रसाद वाटताना निशिकांतच्या हातावर दोन मोदक ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"आरती फार छान दिसली म्हणतात. फक्त माझे सासरे विचारतायत, वयाचा दाखला पाठवायचा राहिलाय तर चालेल का?"

"कसला दाखला?"

"आरतीच्या आधी वय विचारलं म्हणे. अठरा पूर्ण आहे का. त्यांना ब्याऐंशी चालू आहे, पण ते पडले कोर्टातले कारकून. दाखल्याशिवाय हो म्हणायला धजत नव्हते. शेवटी तुमच्या अण्णांनी बटण दाबलं."

निशिकांत खुर्चीत बसला. वय विचारणारं ते पान प्रत्येक नव्या माणसाला एकदाच दिसायचं. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरने त्या प्रश्नाला हो म्हणून दोन वर्षं झाली होती. त्याला ते परत कशाला दिसेल? रंग बदलला, मोदक टाकला, आणि दारावरचा राखणदार तसाच उभा राहिला.

"ते सिक्युरिटीसाठी असतं," तो म्हणाला.

"तेच तुमचे अण्णा म्हणाले सगळ्यांना," मनोहरराव म्हणाले. "परदेशात वय विचारायची पद्धतच आहे, म्हणाले."

त्या दिवशी रविवार नव्हता, तरी अण्णांचा फोन आला. अण्णा स्वतःहून फोन करत नसत, आयएसडी महाग पडतो म्हणून.

"निशी, कामात आहेस?"

"नाही अण्णा. पाऊस आहे का तिकडे?"

"पाऊस राहू दे. काल ते पान मी तीनदा वाचलं. लिहिलंय की आत प्रौढांसाठीचं साहित्य आहे. गणपतीत प्रौढ काय असतं?"

निशिकांतने उठून ऑफिसचं दार लावलं.

"मला एवढंच सांग, ते पान मुळात कुणासाठी बनवलं होतं?"

पलीकडच्या कारखान्यातून खोक्यांना घड्या पाडणाऱ्या यंत्राचा आवाज येत होता. निशिकांतने सगळं सांगितलं. बँक, सार्स, केल्विन, देवळांची कॉफी, ॲमस्टरडॅम. वकील काय म्हणाला तेही सांगितलं, रिले शर्यतही सांगितली. अण्णांनी मधे एक शब्द काढला नाही. लाईन तुटली की काय असं वाटून तो "हॅलो" म्हणाला.

"आहे मी," अण्णा म्हणाले. "सीझनला मी डबल ड्यूटी करायचो, आठवतं?"

"आठवतं ना. पाडव्यानंतर. जत्रांच्या जादा गाड्या असायच्या."

"गाड्या नव्हत्या. तमाशाचे दिवे असायचे. गावात फडांच्या राहुट्या पडायच्या, त्यांना वायरमन लागायचा. जनरेटर, दिवे, कर्णे, सगळं मी बघायचो. अकरा वर्षं. तुझी कॉलेजची फी त्यातली."

"तुम्ही तमाशात?"

"कनातीच्या मागे. जनरेटरपाशी. पुढचं काही दिसायचं नाही. नुसता आवाज ऐकून मी सांगायचो कुठली बत्ती वर करायची. त्या बायका मला दादा म्हणायच्या. तुझी आई डबल ड्यूटी म्हणून आठ-आठ भाकऱ्या बांधून द्यायची. त्या आम्ही सगळे मिळून खायचो. एकदा एकीने निरोप दिला, वहिनींना सांगा, ठेचा झक्कास झालाय. तो निरोप मी पोचवला नाही."

"आईला कधीच कळलं नाही?"

"नाही. कळलं असतं तर ती काय म्हणाली असती, ते आता कुणाला विचारू?" अण्णा म्हणाले. "काम काय, पोटासाठी माणूस करतो. त्याचं मला काही वाटलं नाही. तू दोन वर्षं पाऊस विचारत बसलास, त्याचं वाटलं. नंदाला सांगितलंयस?"

"पहिल्या दिवशीच."

"मग माझ्यापेक्षा बरा आहेस. दिवाळीला मी येतोय. तुझं ऑफिस बघायचंय." आणि बिल चढतंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीत अण्णा आले. ऑफिसात शिरताना त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली आणि नावाखालच्या कोऱ्या जागेकडे पाहिलं. आत केल्विनशी हात मिळवला. मग कपाटातल्या यंत्रांजवळ जाऊन, ताप पाहावा तसा, त्यांच्यावर उलटा हात ठेवला.

"गरम होतायत. पंखा उलटा बसवलाय. बाहेरची गरम हवा आत ओढतोय."

निशिकांतला दोन वर्षांत ते कळलं नव्हतं. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर मागितला, पाच मिनिटांत पंखा फिरवून बसवला आणि बुशर्टाला हात पुसले. संध्याकाळपर्यंत खोली गार झाली. केल्विन म्हणाला, "अंकल, यू वॉन्ट जॉब ऑर नॉट?" आणि अण्णांनी गंभीरपणे विचारलं, "ड्यूटी किती तासांची?"

शनिवारी मनोहररावांकडे फराळ होता. मुलं खाली पोहायला गेली होती. बारा-पंधरा माणसं ताटल्या घेऊन बसलेली. ब्याऐंशी वर्षांचे सासरेही मुलीकडे आले होते. त्यांनी खरोखरच जन्माचा दाखला आणला होता आणि तो पाकिटातून अर्धा बाहेर काढून निशिकांतला दाखवला.

"तर निशिकांतराव," मनोहरराव चकली मोडत म्हणाले, "वय विचारणारी ती तुमची कंपनी नेमकं करते काय? आज खरं सांगा, पाईप नको."

निशिकांतने अण्णांकडे पाहिलं. अण्णा चिवड्यातले दाणे वेचत होते. पण खुर्चीत ते सरळ बसले होते.

"परदेशात प्रौढांसाठी फिल्मा दाखवणाऱ्या कंपन्या आहेत," निशिकांत म्हणाला. त्याचा आवाज पहिल्या वाक्याला बारीक निघाला, मग बरा झाला. "त्यांच्या फिल्मा अडकू नयेत, याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. ते पान त्यांचंच. काढायचं राहिलं. चूक माझी."

गळक्या सिंकवाल्या वहिनींनी नंदाकडे पाहिलं. नंदा म्हणाली, "करंज्या घ्या ना," आणि ताट पुढे केलं.

सासऱ्यांना विषय बदलावासा वाटला असावा. ते अण्णांकडे वळले. "आणि आपण कुठे होतात, बेंद्रे?"

अण्णांनी ताटली खाली ठेवली.

"एसटीत होतो," ते म्हणाले. "आणि सीझनला तमाशाचे दिवे लावायचो."

नंदाच्या हातातलं ताट तिथेच थांबलं. हे तिलाही नवीन होतं. मनोहररावांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा मुलाकडे, आणि तोंडातली चकली गिळली.

"म्हणजे घराण्याचंच काम की," ते म्हणाले. "मग पुढच्या वर्षीची आरती पक्की. फुकटच ना?"

"फुकटच," निशिकांत म्हणाला.

"ते पान तेवढं काढा."

"राहू द्या हो," सासरे दाखला पाकिटात ठेवत म्हणाले. "मी एवढा खटाटोप करून आणलाय."

सोमवारी निशिकांतने पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. कोऱ्या जागेत किती अक्षरं मावतील, हे अण्णांनी आधीच वितीने मोजून ठेवलं होतं.