बाबाचा आवाज

लिंबाच्या वासाचा रूम फ्रेशनर कुठं मारला का मले यवतमाळच्या काउन्सेलर मॅडमची खोली आठवते. बाबा वारले तशी माही झोपच उडालती, म्हणून मायनं मले तिथं नेलतं अन् स्वतः दाराबाहेर बाकावर बसलती. मले वाटलं मॅडम गोळ्या देतीन, पण त्या नुसत्या ऐकत राह्यल्या. मंग म्या एसटीचा कंडक्टर, आमचा हेडमास्तर, साऱ्यांच्या नकला करून दाखवल्या. त्या पोटभर हासल्या अन् हळूच म्हणाल्या, "बाबा घरी आल्यावर कसे बोलायचे?" म्या जोरात बाबाचा आवाज काढला, "चाय मांड वं, थकलो आज!" दाराबाहेरून माय पटकन बोलली, "मांडतो जी!" आता मायच म्हणते, "एकदा काढ न रे तो आवाज." साऱ्या गावाचे आवाज निघतात, तोच निघत नाही.