तिसरं कडवं

मनोहर तिसरं कडवं विसरला नव्हता. ते मी कापलं होतं. हे आजवर मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात मी नागपुरात रेडिओवर टेप एडिटर होतो, तोही हंगामी. मनोहर विणकराच्या घरातला. दंडार या लोकनाट्याच्या चाली गिटारवर वाजवायचा आणि मागावर बसल्यासारखा पायाने ठेका धरायचा. त्याचं गाणं वस्तीत सगळ्यांना पाठ होतं. व्यापाऱ्यांनी सूत दाबून ठेवलं होतं, आणि तिसरं कडवं त्यावरच होतं: ‘माग आमचा उपाशी, सूत गोदामात निजलं.’

रेकॉर्डिंग ऐकून साहेब म्हणाले, “तिसरं काढ.”

“त्याला विचारतो.”

“विचारलंस तर तो गाणंच परत नेईल. आणि तुला कायम व्हायचंय ना?”

एडिटिंग म्हणजे तेव्हा खरोखरच कापणं. टेप हाताने मागेपुढे फिरवून जागा शोधायची, पिवळ्या पेन्सिलने खूण करायची, ब्लेडने तिरपी कापून टोकं चिकटपट्टीने जोडायची. मी नेमकं त्याच्या श्वासावर कापलं. जोड कुणालाच कळला नसता. काम सफाईदार झालं म्हणून मला बरंही वाटलं.

गाणं लागलं. दुसऱ्या दिवशी विणकरांची सभा होती. मी मागे उभा होतो. मनोहर गिटार जुळवत होता, तेवढ्यात एक म्हातारा उठला.

“काहून गा मनोहर, रेडिओवाल्याइचा चहा लय गोड होता काय? नेमकं तिसरंच कडवं गिळलं.”

लोक हसले. ते हसणं चांगलं नव्हतं.

मनोहरची नजर फिरत माझ्यावर थांबली. टेप कोण कापतो, हे त्याला ठाऊक होतं. मी मान खाली घातली.

“विसरलो ना काका,” तो म्हणाला. “माईक पाहून घाबरलो. आता तुमीच म्हणा, मी वाजवून राहिलो.”

म्हाताऱ्याने सुरुवात केली. मग सगळी सभा गायली. पायांचे ठेके जमिनीतून माझ्यापर्यंत येत होते.

मी कायम झालो. मनोहर अजून गातो, उमरेडपर्यंत बोलावणी असतात. तिसरं कडवं आलं की तो थांबतो आणि लोक गातात, ही आता रीतच झाली आहे. त्यांच्या पोराबाळांना, नातवंडांनासुद्धा ते येतं. सोबत त्याच्या त्या विसरण्यावरून कुणीतरी ओरडतंच, “मनोहर भुलला रे.” तो हसतो.

श्वासावर कापलं की जोड ऐकू येत नाही, हे मी पुढे कित्येक नवख्यांना शिकवलं. कापण्याआधी गाणाऱ्याला विचारावं, हे शिकवायचं राहिलं.

आणि त्याच माणसांसमोर, त्याच्याच माईकवर, तो विसरला नव्हता एवढं सांगण्याचं देणं मी मनोहरचं लागतो.