नारळ नको

आमच्या भजन मंडळात मी गातो, पेटी वाजवतो. ढोलकी माझ्या मावसभावाची. तो फुलसावंगीहून पुसदला येतो, तेही स्वतःच्या भाड्यानं आणि त्या दिवसाची मजुरी बुडवून. बदल्यात काय? नारळ, दुपट्टा आणि "वा, छान सेवा घडली!" घरी नारळ इतके साचले की बायको म्हणाली, "आता कोण्या कार्यक्रमात तेल-तिखट भेटत असंल तं पाहा न."

मला स्वतःला याचं काही वाटत नसे. मास्तरकीची पेन्शन आहे, गळा स्वस्थ बसू देत नाही, म्हणून गातो. पण गेल्या हिवाळ्यात एका वास्तुशांतीच्या कार्यक्रमाला निघताना भाऊ म्हणाला, "दादा, हे शेवटचं. वाजवाले मले लय आवडते, पण घरी काय सांगू? आज तरी बिदागी माग." तो गेला तर माझं गाणं संपलंच समजा. त्याच्या हाताशिवाय मला ठेका सापडत नाही, हे उघड सांगतो.

मागतो म्हणालो खरा. पण 'पैसे' हा शब्द तोंडातून निघेल तर शपथ! देवाचं नाव घेतलेल्या तोंडानं भाव कसा सांगायचा? भजन संपलं, घरमालक नारळ घेऊन पुढे आले, आणि मी काय म्हणालो? "नारळ नको."

म्हणजे पाकीट द्या, असं मला म्हणायचं होतं. घरमालकांचे डोळेच भरून आले. त्यांनी माइक ओढला. "पाहा मंडळी! हे कलावंत साधा नारळसुद्धा घेत नाहीत!" टाळ्यांचा कडकडाट. भाऊ ढोलकी पिशवीत भरायला लागला.

माझं डोकंच फिरलं. माइक हिसकावला आणि ओरडलो, "नारळ नको म्हणजे पैसे पाहिजेत, बाप्पा! याच्याही घरी चूल आहे!"

आता हाकलतात, असं वाटलं. तर घरमालक हसतच सुटले. "मंग आधी सांगाचं ना, गुरुजी! मंडपवाला सांगते, साउंडवाला सांगते, तुमीच काहून बोलत नाही?" आणि पाकीट आणून त्यांनी थेट भावाच्या हातात ठेवलं. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी नाही म्हटलंच नव्हतं. आम्ही मागितलंच नव्हतं! माझा मलाच राग आला.

लोक जेवायला उठले. मी पेटी बंद करू लागलो, तर भावानं हात धरला. पाकीट खिशात सारून त्यानं ढोलकी परत बाहेर काढली, दोऱ्या आवळल्या.

"थांब न दादा. त्याईचं झालं. आता एक आपलं म्हण."