पॅनल कोणतं घेता, भाऊ?

फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक आपला फ्लेक्स घेऊन जातं, पण गोष्ट इथेच ठेवून जातं. गोष्टी ठेवायला कपाट लागत नाही, म्हणून बऱ्याच साठल्या! ब्रह्मपुरीच्या आमच्या दुकानात मी फ्लेक्स कापतो, कडा दुमडतो, कोपऱ्यांना रिंगा ठोकतो. शाळा माझ्या वाटेला आली नाही, त्यामुळे अक्षरं कमी आणि रंगच जास्त पाहतो. मालक विलासभाऊ. डिझाइन करणारी सुजाता. आणि एक जुना मॉनिटर, ज्याच्यापायी हे सगळं झालं. सांगतो सावकाश.

* * *

तो मॉनिटर समोर बसून पाहिला तर ठीक. उभं राहून पाहिलं की रंग फिका, खालून पाहिलं की काळपट.

एकदा नाटक कंपनीचे मॅनेजर पोस्टर पाहायला आले. ते उभे. सोबतची हिरोईन बुटक्या स्टुलावर बसलेली.

"वा! साडी अबोली दिसून राह्यली!" मॅनेजर म्हणाले.

"अबोली? मले तं विटकरी दिसते!"

"अवो बाई, डोळे हायेत का बटना?"

झालं! नाटक दुकानातच सुरू! विलासभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, तुम्ही जरा बसा. अन् बाई, तुम्ही जरा उभ्या राहा."

दोघांनी जागा बदलल्या. 

"खरंच की वो, विटकरी हाय," मॅनेजर म्हणाले.

"नाई वो, तुमचंच बराबर होतं. अबोली!"

आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून!

* * *

हसण्यावारी चाललं होतं, ते जयंतीच्या बॅनरपर्यंत.

विहाराच्या महिला मंडळाचा बॅनर दरवर्षी आमच्याकडेच. सुजाता त्याच वस्तीतली, म्हणून तिनं जीव ओतून केला. स्क्रीनवर निळा दिसला, छापून आला जांभळा. मंडळाच्या शेवंताबाईंनी बॅनर टेबलावर आपटला.

"सुजाता, हा निळा हाय? हा तं वांग्याचा रंग हाय! भाजी करू का याची?"

पोरगी खाली मान घालून उभी. आम्ही दुसरा छापून दिला, तोही जरा जांभळाच. वेळ उरला नव्हता, तोच त्यांनी घेतला.

"या खेपेले तुह्या तोंडाकडं पाहून नेतो," जाताना शेवंताबाई म्हणाल्या. "पुढच्या जयंतीले चुकला तं नागपूरहून आनू. मंग वस्तीत सांगू नको का मी डिझाइनर हाय म्हून."

त्या दिवशी सुजातानं डबा उघडला नाही. संध्याकाळी मला एवढंच म्हणाली (माझ्या वयाकडे पाहून ती मला बाबाच म्हणते), "बाबा, आपल्याच लोकांचा निळा माह्या हातून चुकला."

* * *

नवा मॉनिटर घ्यायचा ठरलं. मॉनिटरच्या पडद्यालाही पॅनल म्हणतात आणि त्याच्या जाती असतात, हे मला तेव्हाच कळलं. सुजाता फोनवर चंद्रपूरच्या दुकानदाराशी बोलत होती. "पॅनल कोनतं हाय? नाई नाई, आमाले आयपीएसच पाह्यजे."

बाजूला दयारामभाऊ बसले होते. ग्रामपंचायतीला उभे, 'परिवर्तन पॅनल'चा फ्लेक्स टाकायला आलेले. त्यांचा चहा बशीतच राहिला.

"काऊन वो विलासभाऊ, समोरच्या पॅनलमंदी आयपीएस घेऊन राह्यले काय?"

"हो, आयपीएसच चांगलं," विलासभाऊ मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाले. "कुठूनबी पाहा, रंग बदलत नाई म्हन्ते."

दयारामभाऊ उठले ते थेट गावाला. दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या पॅनलचे पुढारी धापा टाकत आमच्या दारात!

"विलासभाऊ, सारा गाव मले नमस्कार करून राह्यला. माह्या पॅनलमंदी कोन आयपीएस हाय, मले तरी सांगा!"

* * *

पण विलासभाऊंच्या मनात दुसरंच होतं. वय पन्नास, पोट सुटलेलं, पण जेवण झालं की कॉम्प्युटरवर बंदुकीचा खेळ! त्यांना वाकडा, व्हीए पॅनलचा मॉनिटर हवा होता.

"त्यात काळा एकदम काळा दिसते, सुजाता. अंधारातला दुश्मन बराबर सापडते."

"दुश्मन सापडन भाऊ, पन गिऱ्हाईक हरपन."

"अन् पाह्य, एक मिलिसेकंदात चित्र बदलते!"

मी विचारलं, "पोरी, मिलिसेकंद म्हणजे किती?"

"पापनी लवाच्या आत, बाबा."

मला नवलच वाटलं. आमच्याकडे 'दोन मिनिटांत या' सांगितलेलं गिऱ्हाईक चौथ्या दिवशी येतं, आणि भाऊ स्वतः अकराला शटर उघडतात. त्यांना एवढी घाई कशाची? तसं म्हणालो, तर भाऊ आठवडाभर साडेदहाला आले!

* * *

शेवटी तिघंही एसटीनं चंद्रपूरला गेलो. दुकानात मॉनिटरची रांग, सगळ्यांवर एकच पोपट, पण प्रत्येक पोपट वेगळ्या हिरव्याचा! सुजातानं आपल्या मोबाइलमधला निळा सगळीकडे लावायला सांगितला आणि माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही पाहा."

मी उभं राहून पाहिलं. बाजूनं पाहिलं. मग फरशीवर बसलो, आणि नीट कळेना म्हणून आडवा झालो. सेल्समन घाबरला.

"आजोबा, बरं वाटत नाही का? मॉनिटर असा झोपून कोण पाहतं?"

"तुमचं गिऱ्हाईक खुर्चीवर बसते, बेटा. आमचं कुठीबी बसते."

वाकड्या व्हीएवर समोरून निळा झकास, बाजूनं गेलं की विटका. आयपीएसवर फरशीवरूनही तोच. भाऊंनी त्यावर काळा रंग लावून पाहिला आणि तोंड पाडलं. "काळा काळा नाई हा. राखुंडीवानी हाय."

 सुजाता नुसती त्यांच्याकडे पाहत राहिली.

भाऊंनी सुस्कारा टाकला. "बांध रे आयपीएस. दुश्मन मले तसाबी मारतेच."

* * *

पुन्हा जयंती आली. शेवंताबाई आल्या, सोबत चौघी जणी. मागच्यासारखं व्हायला नको म्हणून प्रत्येकीनं आपापला निळा आणला होता. एकीकडे झेंड्याचं कापड, एकीकडे साडीची किनार, एकीकडे वहीचं कव्हर, चौथीकडे बांगडी. शेवंताबाईंकडे प्लास्टिकचा मग! पाच जणी, पाच निळे, आणि पाचही जणींचं म्हणणं, "हाच खरा!"

सुजातानं एकेक वस्तू स्क्रीनजवळ धरून पाचही निळे जुळवले. नव्या स्क्रीनवर पाचही वेगवेगळे स्वच्छ दिसायला लागले, तशा बाया आणखीच भांडल्या.

"असलाच बॅनर पाह्यजे. नाई तं चाललो नागपूरले!" शेवंताबाई मग नाचवत म्हणाल्या.

सुजाता पाचही निळ्यांकडे पाहत शांतपणे आणखी थोडा वेळ माऊस फिरवत बसली. मग छोट्या पट्ट्या छापल्या. मी कापल्या आणि तिनं सांगितलं तशा बाहेर पायरीवर उन्हात मांडल्या.

"जा माय, उन्हात पाहून सांगा. कोनती कोनाची, ते मी सांगत नाई."

पाचही जणी वाकल्या.  सुजाता दारात नख चावत उभी.

मग पाचही बोटं एकाच पट्टीवर पडली.

"हे माह्यीवाली!"

"काऊन? हे तं माह्या किनारीची!"

"पाह्यलं ना सुजाता?" शेवंताबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मी आनलेला निळा कधी चुकत नाई. छाप बॅनर!"

"हो माय," सुजाता म्हणाली आणि आत वळली.

बाया खुशीत गेल्या. मी पायरीवरच्या पट्ट्या गोळा केल्या. बायांनी आणलेले निळे पाच, पट्ट्या सहा होत्या.