आबांनी न पाहिलेला बिबट्या

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मनमाडला रेल्वेत कीमॅन होते. हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून रूळ तपासत चालायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या टोळीचा एक नियम होता: शंका आली की आधी लाल झेंडी, मग चौकशी. सोबत्याने लांबून ओरडून सांगितलं की पुढे रूळ तडकलाय, तर वरच्यांना "मी पाहिला" असंच ठोकून सांगायचं. तो म्हणाला, हा म्हणाला करत बसलं तर तेवढ्यात गाडी येते. एकदा अशीच गाडी विनाकारण थांबवली, तरी साहेब रागावला नव्हता, हे आबा अजून कौतुकाने सांगतात.

आई गेल्यावर मी त्यांना नाशिकला माझ्याकडे आणलं. नवऱ्याची नोकरी सटाण्याला, तो शनिवारी येतो. तेव्हा एरवी घरात आम्ही दोघंच, आणि दोघंही एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे हट्टी.

त्या हिवाळ्यात नाशकात जो तो बिबट्याचंच बोलत होता. भाजीवालीसुद्धा मेथीच्या जुडीबरोबर एक बिबट्या फुकट द्यायची. एका सकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला: आमच्याच मागच्या भिंतीवर ऐटीत बसलेला बिबट्या. आबांनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि थेट ११२ ला फोन केला. पलीकडून विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिला का?"

"हां, ह्या डोळ्यांनी पाहिला," आबा म्हणाले. "भिंतीवर बसेल हाय."

मी चहा गाळत होते. अर्धा चहा ओट्यावर गेला.

पोलीस आले, वनखात्याची माणसं जाळी घेऊन आली, अख्खी गल्ली गच्चीवर चढली. मग कळलं की फोटो सोसायटीतल्याच एका महाभागाने मोबाइलवर गंमत म्हणून बनवला होता. त्याला पोलिसांनी नेलंच. पण आबांनाही दुसऱ्या दिवशी ठाण्यात बोलावलं, कारण पाहिला असं छातीठोक सांगणारे तेच होते.

ठाण्यात वनखात्याच्या बाईही आलेल्या होत्या. बाईंचा आवाज खणखणीत. "काका, आम्ही तुमच्याकडे जाळी लावत बसलो होतो, तेव्हा मखमलाबादच्या एका मळ्यातून फोन आला. तो बिबट्या खरा होता. आम्ही पोचेपर्यंत वासरू गेलं. तिथं एखादं लेकरू असतं तर?"

आबांनी टोळीचा नियम पुढे केला नाही, सबब सांगितली नाही. "चुकलो बाई. पाहिला नव्हता मी. काय शिक्षा असंल ती द्या." आयुष्यभर शब्दाला जपणारा माणूस, आणि त्याला खोटारडा ठरताना मी पाहत होते. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

ठाण्यातल्या साहेबांनी खोटी खबर देणं गुन्हा आहे हे नीट समजावलं, ताकीद दिली आणि सोडलं. बाहेर पडताना आबा पुटपुटले, "आता ह्या फोनला हातच लावायचा नाय." बाईंनी ते ऐकलं आणि त्या मागे आल्या.

"असं करू नका काका. फोन कराच. फक्त ठाऊक आहे तेवढंच सांगा. पाहिलं नसेल तर नाही पाहिलं म्हणा. तरी येतात माणसं."

मला वाटलं, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलल्या. आबांनाही तसंच वाटलं असावं. सोसायटीत त्यांना बघून पोरं डरकाळ्या फोडायची. कोपऱ्यावर दोन दुचाक्या धडकल्या तेव्हा आबा मोबाइल हातात धरून नुसते उभे राहिले. शेवटी फोन दुसऱ्याच कुणीतरी केला.

पुढे संकष्टी आली. मधुमेहाची गोळी घेऊन वर कडक उपास करणारी शहाणी मीच. दुपारी न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराला लागूनच पडले. दार आत उघडणारं, त्यामुळे आबांना बाहेरून ढकलताही येईना. समोरच्या घराला कुलूप. हाका ऐकू येत होत्या, पण माझी जीभ उचलत नव्हती.

मग हाका थांबल्या. मोबाइलच्या आकड्यांचा टकटक आवाज आला आणि मध्येच थांबला. आबा मोबाइल घेऊन उभे आहेत, हे मला दाराच्या आतून कळत होतं. आता हे फोन करत नाहीत, असं मला वाटलं, आणि तशा अवस्थेतही भीती वाटली.

आणि त्यांचा आवाज आला, हळू, प्रत्येक शब्द तपासून टाकलेला. "मला काय दिसत नाय. पाहिलं नाय मी. पोरगी आत हाय, कडी लागेल हाय, ओ देत नाय. एवढंच ठाऊक हाय." मग जरा थांबून, "येता का?"

माणसं आली. खिडकीच्या काचा काढून एक जण आत उतरला, आणि शुद्धीवर आले तेव्हा मी दवाखान्यात होते. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. फोन घेणाऱ्या त्या आवाजाचे, काचा काढणाऱ्या त्या हातांचे आभार मला कधी मानता आले नाहीत. ते कोण होते हेही मला माहीत नाही. पण वनखात्याच्या बाई माहीत होत्या. बरी झाल्यावर पेढे घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

बाईंनी आबांना लगेच ओळखलं. "काय काका, आता कुठे दिसला?"

आबांनी माझ्या दंडाला धरून मला पुढे केलं. "ही माझी पोरगी," ते म्हणाले. "बरी हाय. ह्या डोळ्यांनी पाहून सांगतो, बाई."