बोटेकाकांनी कापलेल्या सहा बॉबिनी

कारखान्यात त्यांना सगळे बोटेकाका म्हणत. खरं आडनाव पगाराच्या दिवशीसुद्धा कुणाला आठवत नसे. सव्वीस वर्षं काकांनी पॉलिएस्टरचा धागा दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून निकाल दिला होता. लांबला की कच्चा! बॉबिनला लाल चिठ्ठी, मग सुरीनं वरचा धागा कापून कचऱ्यात. यंत्रं चुकतात, बोटं नाही, असं निदान बोटांचं तरी मत होतं.

त्या दिवशी समोर नव्या धाग्याच्या चाळीस बॉबिनी होत्या. यातला थोडा भाग मक्याच्या साखरेपासून बनलेला. "मग ताणू कशाला? उकडूनच देतो!" म्हणून काकांनी सकाळी हशाही वसूल केला होता. चार वाजता विणकराची गाडी येणार होती. माल गेला तर नवा विभाग चालणार. नाही तर बारा माणसं घरी. त्यांत प्रयोगशाळेतली काकांची सूनही होती.

साडेतीनला काकांनी धागा ताणला. चांगला बोटभर लांबला! दुसरी बॉबिन, तिसरी, तेच. सुनेचा चेहरा डोळ्यांपुढे आला. पण कच्च्या मालाला नातं सांगून पास करायचं कसं? चाळीसही बॉबिनींना चिठ्ठ्या चिकटवून त्यांनी सुरी उचलली.

सहावी कापली, तोच सून धावत आली.

"बाबा, थांबा! काय करताय?"

"कच्चा आहे गं. लांबतोय."

"आणि सोडल्यावर?"

"सोडल्यावर काय? फेकतो."

"सोडून बघितलात का?"

कच्चं पॉलिएस्टर लांबलं की लांबलेलंच राही. सोडून बघण्यात वेळ कोण घालवणार? सुनेनं टेबलावर दोन खुणा केल्या, धागा ताणला, सोडला. तो निमूट खुणेवर परत आला.

"हाच तर याचा गुण आहे, बाबा."

बाहेर हॉर्न वाजला. काका स्वतःच फाटकाशी गेले.

"चौतीसच आहेत. माल चांगला आहे. सहा मी कापल्या, माझ्या शहाणपणानं."

विणकर आत आला. त्यानं चार बॉबिनींचे धागे ताणले, सोडले, पुन्हा ताणले.

"चौतिसांत भागवतो, कापडाचा पन्हा कमी करून विणतो," तो अखेर म्हणाला. "पण या लाल चिठ्ठ्या काढा. बघून माझे कारागीर हात लावायचे नाहीत."

काका मांडी ठोकून बसले आणि नखांनी चिठ्ठ्या खरवडू लागले. डिंक मात्र अस्सल पक्का होता.